डाव्या हाताची कणीक

"बघ मार्तंडा, रविवारची सुट्टी आणि पोरीच्या हाताला कणीक," शकुताई उंबरठ्यातच म्हणाल्या. आवाजात नुसतं कौतुक होतं. रत्नप्रभाने दाराची कडी उजव्या हाताने काढली होती, डावा मागे लपवायचं मात्र ती विसरली, आणि आता तो सगळ्यांच्या देखत तसाच लोंबत होता, करंगळीखालपासून मनगटापर्यंत ओल्या कणकेने माखलेला. एकेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कोणी पोर म्हणतंय याचं तिला हसू आलं. पाहुणे ठरल्यापेक्षा तासभर आधी आले होते. मुलुंडहून मालाडला यायचं म्हणजे मध्ये कुठेतरी रखडायला होणार म्हणून लवकर निघालो आणि नेमके कुठेच रखडलो नाही, असं मार्तंडराव चपला काढता काढता ओशाळून सांगत होते. बघायला आलेला माणूस तोच. नीटनेटका, कानांवर पांढरे झालेले केस न लपवणारा, बायको जाऊन तीन वर्षं झालेला, दोन शाळकरी मुलींचा बाप. शकुताई त्यांची थोरली बहीण. त्यांनी एकदा रत्नप्रभाकडे बघितलं, एकदा तिच्या हाताकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून घेतली.

शेजारून चांगल्या कपबशा मागून आणायला गेलेली शेवंती वहिनी एवढ्यात त्यांच्या मागोमाग आत आली. तिला परिस्थिती समजायला एक क्षण पुरला. "तर काय हो ताई, आमच्याकडे पोळ्या रत्नाच्याच हातच्या. दुसऱ्या कोणाच्या असल्या की पोरांच्या घशाखाली उतरत नाहीत," ती म्हणाली आणि कपबशा न वाजवता आत गेली. शेवंती खोटं बोलायची ती असं, तोंडात साखर ठेवून आणि डोळ्यांची पापणी न हलवता. सकाळीच तिने रत्नप्रभाने लाटलेली पोळी उजेडासमोर धरून, ही खायची की खिडकीला लावायची, असं विचारलं होतं. पाहुण्यांना काय ठाऊक, की या घरात कणकेचे दोन गोळे होत असत. तेल-मीठ घातलेला, घट्ट मळलेला तो वहिनीचा, पोळ्यांचा. दुसरा लोण्याइतका मऊ, नुसत्या पाण्यात भिजवलेला, तो रत्नप्रभाचा. तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायचा असतो, त्याशिवाय पखवाज खर्जात बोलत नाही. कडी वाजली तेव्हा तिने तो घाईघाईने खरवडून ताटलीत काढला होता, ताटली मोरीच्या कट्ट्यावर सारली होती आणि पखवाज गोधडीच्या खोळीत घालून कॉटखाली ढकलला होता. चोरी केल्यासारखी. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पखवाजाची.

हात धुऊन ती पाहुण्यांसमोर येऊन बसली. शकुताई मुलुंडच्या जागेचं सांगू लागल्या, दोन खोल्या, वर गॅलरी, नळाला भरपूर पाणी, मुली गुणी, थोरली गणितात हुशार. रत्नप्रभा मान डोलवत होती. ऐकतही होती, पण त्याच वेळी तिचा डावा तळवा मांडीवर हळूच दबत होता आणि सुटत होता, कारण कडी वाजली ती बरोबर एका तुकड्याच्या, बोलांच्या छोट्या रचनेच्या, मध्यावर आणि तुकडा तसाच अर्धवट हातात राहिला होता. हे तिचं नेहमीचं होतं. मरोळला औषधांच्या कंपनीत गोळ्यांच्या पट्ट्या तपासताना, बसच्या रांगेत, दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसलेली असताना सुद्धा तिचा हात असा आपल्या कामात असे. आधी तिला वाटे हे लोकांना दिसत असेल. मग लक्षात आलं, लोक आपल्याकडे इतकं बघत नाहीत. बघत असते तर ती आज कोणाची बायको, कोणाची आई झाली असती, हा विचार तिने तिशीतच बंद केला होता. तेव्हा बघायला येणारे यायचे ते लालबागच्या खोलीत. एकाला ती सावळी वाटली, एकाला उंच, एकाच्या आईला तिचं हसणं मोठं वाटलं. दर वेळी आई आतल्या बाजूला तोंड फिरवून पदराने डोळे टिपायची आणि रत्नप्रभा उरलेले पोहे खायची. पोहे चांगले झालेले असत, ते वाया कशाला घालवायचे, असं तिला मनापासून वाटे, आणि तसं वाटणं हाच आपल्यातला दोष असेल अशी शंकाही येई. पुढे कोणी यायचं थांबलं. आई गेली. गिरणीच्या संपात वडिलांची, अण्णांची, नोकरी गेली, लालबागची खोली विकून सगळे इथे टेकडीच्या पायथ्याला आले, आणि ज्या माणसाने हयातभर साच्यांच्या खडखडाटातून घरी येऊन फक्त शनिवारी पखवाज काढला, तो आता रोज दुपारी काढू लागला. कणीक भिजवून द्यायचं काम लहानपणापासून रत्नप्रभाचं. किती मऊ, हे अण्णांना सांगावं लागत नसे. ती गोळा आणून द्यायची आणि परत कामाला लागायची. इतकी वर्षं तिने तो गोळा आणून दिला, आणि त्याचं पुढे काय होतं ते फक्त कानाने ओळखलं.

अण्णा गेल्यावर बारावं-तेरावं झालं आणि काशीरामबुवा आले. अण्णांच्या भजनी मंडळाचे बुवा, आवाज फाटलेला पण सुरात पक्का. तिच्या भावाने, दशरथदादाने, पखवाज मंडळाला द्यायचं ठरवलं होतं, घरात वाजवणारं कोण होतं. बुवा म्हणाले, नेण्याआधी एकदा बघून घेतो, कणीक आण गो जरा. तिने आणली. बुवांनी चामड्याच्या वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून उजव्या तोंडाचा सूर लावायला घेतला आणि डावीकडे थापायला तिलाच सांगितलं. थापून झाल्यावर कणीक सारखी बसली की नाही ते बघायला म्हणून तिने तळवा टेकवला. नुसता टेकवला आणि जरा जोर दिला. तो आवाज कानात आला नाही, तो छातीच्या फासळ्यांत आला, कॉटच्या लोखंडात आला, जमिनीतून तिच्या पायांच्या तळव्यांत आला. सदतीस वर्षं ती या आवाजाच्या बाहेरच्या बाजूला राहिली होती. बुवांनी मान वर करून बघितलं आणि पखवाज नेलाच नाही. दर शनिवारी येऊन तिला शिकवू लागले. चाळीत चार दिवस कुजबुज झाली, बाई माणसाने मांडीवर पखवाज घ्यायचा म्हणजे काय. पाचव्या दिवशी कोणाचीतरी गॅसची नळी फुटली आणि चाळीला दुसरा विषय मिळाला.

तिला मोठं काही व्हायचं नव्हतं, हे ओळखायलाही तिला वेळ लागला. सुरुवातीला वाटे, इतकं आवडतंय त्या अर्थी यातून काहीतरी निघणार. माणसाची सवय असते, आवडीच्या पाठीला शिडी लावून बघायची. शेवटी एका शनिवारी तिने बुवांना विचारून टाकलं, माझा हात कसा आहे. बुवांनी खोटं बोलायचं वय ओलांडलं होतं. म्हणाले, हात स्वच्छ आहे, लयीत पक्का आहे, पण उशिरा बसलेला आहे, मोठा व्हायचा नाही. ऐकून आपल्याला रडू येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आलं नाही. उलट खांद्यावरून कोणीतरी भरलेली कळशी उतरवून घेतल्यासारखं झालं. म्हणजे आता हे कोणाला दाखवायचं नव्हतं, कशाची तयारी म्हणून करायचं नव्हतं. गेल्या वर्षी कंपनीत तिला सुपरवायझर केलं, कँटीनमध्ये टाळ्या वाजल्या, साहेबांनी हात मिळवला, सगळ्या बायकांनी पेढे खाल्ले. दुसऱ्याच कोणाचं तरी नाव पुकारलं जातंय असं तिला वाटत होतं, आणि वाईट वाटायच्या ऐवजी घाई वाटत होती, कारण घरी तिहाईची, एकच बोल तीनदा वाजवून समेवर यायची, एक जागा तिच्याकडून सारखी निसटत होती आणि ती आज सापडेल असं तिला सकाळपासून वाटत होतं. त्या संध्याकाळी ती सापडली. पगारवाढ किती झाली हे दादाने विचारलं तेव्हा तिला चटकन आठवेना.

"मला मेलीला पोहे-बिहे नकोत हो," शकुताई आतल्या दिशेने मोठ्याने सांगत होत्या. "त्या कणकेच्या दोन पोळ्या टाकू दे तिला, गरम गरम. तेवढंच बघायचं असतं. आमच्या मार्तंडाला डब्यात पोळीच लागते, आणि सहा महिने स्वयंपाकाच्या बाईच्या हातचं खाऊन पोरींची तोंडं उतरली आहेत. आमचा होकारच समजा."

रत्नप्रभा उठून आत गेली. शेवंतीने तिला मोरीजवळ ओढलं. मोरीच्या कट्ट्यावरच्या ताटलीत तो मऊ गोळा पसरून बसला होता, पखवाजाच्या तोंडावरचे जुन्या, वाळक्या कणकेचे दोन-चार कण त्यात अडकले होते. शेवंतीने तोपर्यंत डब्यातून पीठ काढून परातीत घेतलंही होतं. ती दबक्या आवाजात सांगत होती की मी मळते, मी लाटते, तू फक्त तव्यापाशी उभी राहा, त्यांना तुझी पाठ दिसली म्हणजे झालं. मग तिने हात थांबवले आणि रत्नप्रभाच्या तोंडाकडे बघितलं. "रत्ना, एवढ्या वेळेला गप राहा. तुझ्या पाया पडते. माणूस चांगला आहे."

माणूस चांगला होता, यात वादच नव्हता. रत्नप्रभाने त्याला नकार द्यायचं ठरवून बोलावलंही नव्हतं. दादाने महिनाभर विषय काढला तेव्हा ती येऊ देत म्हणाली, त्यात थोडा कंटाळा होता आणि थोडं कुतूहल होतं. आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिने कोणाला सांगितली नव्हती. बारशाला, डोहाळजेवणाला, मुंजीला बायका तिच्याकडे बघून आवाज अर्धा करत तेव्हा तिला स्वतःलाही वाटे की आपलं काहीतरी व्हायचं राहिलं आहे, वाट चुकून कुठेतरी पलीकडच्या रस्त्याला उभं आहे, आणि एक दिवस पत्ता शोधत येईल. आता ते आलं होतं. बाहेर खुर्चीवर बसलं होतं. शेवंतीच्या मागे तव्यापाशी पाठ करून उभं राहिलं की झालं, काही बोलायचंसुद्धा नव्हतं, शकुताईंची चूक आपली आपण पुढे चालत जाणार होती, मुलुंडपर्यंत, गॅलरीपर्यंत, दोन मुलींच्या डब्यांपर्यंत. दशरथदादा सुटला असता. शेवंतीच्या दोन मुलांना झोपायला कॉट मिळाली असती. रत्नप्रभाने हे सगळं नीट, एकेक करून बघितलं. भीती वाटतेय का तेही बघितलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की ज्या रिकाम्या जागेत हे सगळं नेऊन ठेवायचं ती जागाच तिला सापडत नाही. तिने मनापासून शोधली. व्हायचं राहिलेलं असं काही नव्हतंच. इतका वेळ ती लोकांच्या नजरेतून आपल्या घरात डोकावत होती आणि अंधार दिसतो म्हणत होती, आणि ती स्वतः तर आतच होती. हे कळलं त्यात आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं. तिने शेवंतीच्या दंडावर हात ठेवला, ताटली उचलली आणि बाहेर आली.

"ताई, ही कणीक पोळ्यांची नाही," ती म्हणाली. "पखवाजाची आहे. मी पखवाज वाजवते. पोळ्या मला धड येत नाहीत, वहिनी करते."

शकुताईंनी ताटलीकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं, आणि आपली चेष्टा झाली की काय हे न कळून पर्स मांडीवर घेतली. मार्तंडराव मात्र दचकले नाहीत. ते हसले, आणि हसताना त्यांचा चेहरा पुष्कळ तरुण झाला. "मला दारातच शंका आली होती," ते म्हणाले. "मळणाऱ्या बाईचे दोन्ही हात भरलेले असतात. तुमचा एकच होता. आमचे गावचे काका वाजवायचे, शेवटपर्यंत एकटेच राहिले." मग त्यांनी बहिणीकडे न बघता, समजुतीच्या स्वरात सांगितलं की त्यांची काही हरकत नाही. माणसाला एखादा छंद असावा. मंडळात, बाहेर, पुरुषांत बसून वाजवणं त्यांच्या नात्यात चालणार नाही, पण घरी वाजवायला कोण नको म्हणतंय. मुलींचा अभ्यास आटोपला की दार लावून खुशाल वाजवावा, ते स्वतःही ऐकतील.

याहून जास्त कोण देतं. रत्नप्रभाला त्या क्षणी तो माणूस खरोखर आवडला. दारातच ओळखून गप्प बसला, चारचौघांत तिला उघडी पाडली नाही, ही सभ्यता तिने मरोळच्या साहेबांतही बघितली नव्हती. त्याच्याबरोबर दिवस बरे गेले असते. तो अट घालत नव्हता, जागा करून देत होता, सामानाच्या माळ्यावर करतात तशी, इकडचं तिकडे सारून. आणि तिला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की त्याला वाटतंय आपण पखवाज आणि लग्न अशा दोन पारड्यांत तोलतोय. तसं काही नव्हतं. पखवाज नसता तर आपण हो म्हटलं असतं का, याचंही उत्तर तिला आता स्वच्छ दिसत होतं.

"तुम्ही फार चांगलं बोललात," ती म्हणाली. "पण मला लग्न करायचं नाही. तुमच्यात काही उणं आहे म्हणून नाही." ती थांबली. पुढचं वाक्य उद्धट वाटेल की काय असं तिच्या मनात आलं, पण ते खरं होतं. "माझ्यातही नाही."

मार्तंडरावांनी तिच्याकडे बघितलं. आपल्याला नाकारलं गेलं की काहीतरी सांगितलं गेलं, याचा ते विचार करत असावेत. मग ते उठले, बहिणीला चप्पल पुढे करून दिली, आणि रत्नप्रभाला म्हणाले की काकांना कधी कोणी लग्नाचं असं विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे त्यांना आज कळलं. शकुताई पर्स काखेला मारून पुढे झाल्या. जिन्यात त्यांना दशरथदादा भेटला, दोन्ही हातांत गोल्डस्पॉटच्या बाटल्या घेऊन धापा टाकत वर येणारा. त्याने आग्रहाने पाहुण्यांना जिन्यातच एकेक बाटली उघडून दिली, ती त्यांनी उभ्याने प्यायली, आणि तो वर येऊन, काय म्हणाले, असं उत्साहाने विचारू लागला. रत्नप्रभाने सांगितलं. दादा कॉटवर बसला. तो चिडला नाही, त्याला चिडता येतच नसे. त्याने उरलेल्या बाटलीतला एक घोट घेतला, बाटली तिच्या हातात दिली आणि खाली पोरांना बघून येतो म्हणून निघून गेला.

राहिली शेवंती. ती परातीसमोर बसली होती. भिजवलेलं पीठ तसंच होतं आणि ती ते मळत होती, गरजेपेक्षा पुष्कळ जास्त जोराने. रत्नप्रभा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. शेवंती चांगली असली की मुंबईचं बोलायची, आणि आतून हलली की तिची गावची बोली वर यायची.

"काय गावला गो तुका?" ती वर न बघता म्हणाली. "माका सांग. नाव नाय, पैसो नाय, बुवापण म्हणतत हात मोठो नाय. मगे काय गावला?"

काय मिळालं, याचा रत्नप्रभाने खूप विचार केला. तिला खोटं सांगायचं नव्हतं आणि मोठं काही सांगायचं नव्हतं. "वाजवताना मला दुसरं काही व्हायचं नसतं," ती म्हणाली. "एवढंच. आणि हल्ली वाजवत नसतानाही."

शेवंतीचे हात थांबले. तिला रागवायचं होतं, पण रागाच्या जागी दुसरंच काहीतरी तिच्या तोंडावर आलं, आणि ते बघून रत्नप्रभा घाबरली, दुपारपासून पहिल्यांदाच. लग्न, दोन मुलगे, नवऱ्याचा नियमित पगार, हळदीकुंकवाला पुढचा पाट. ज्या ज्या जागी रत्नप्रभाच्या नावापुढे लोक गप्प होत त्या प्रत्येक जागी शेवंती होती. तिला स्वतःला काय हवं होतं ते विचारायचं, हे इतक्या वर्षांत रत्नप्रभाला सुचलंसुद्धा नव्हतं. आपण श्रीमंत झालो आणि शेजारच्या पानात काय आहे ते बघितलंच नाही, असं तिला वाटलं, आणि त्याची तिला खरीखुरी लाज वाटली.

"तुला काय आवडायचं गं वहिनी?" ती खाली बसत म्हणाली. "लग्नाआधी."

शेवंतीने नाक पुसलं. नाकाला पीठ लागलं. मग ती म्हणाली, की तिला पोहता यायचं. गावच्या विहिरीत ती कठड्यावरून सुळकी मारायची, उलटी, पोरांपेक्षा खोल, तळाची माती मुठीत घेऊन वर यायची. पाण्यात गेलं की कोणाचं बोलणं ऐकू यायचं नाही. लग्न ठरल्यावर आजीने विहिरीवर जाऊ दिलं नाही आणि मुंबईत विहीरच नव्हती. एवढं सांगून तिला स्वतःचंच हसू आलं, आणि तिने परातीवर फडकं टाकलं, विषय संपल्यासारखं.

"पुढच्या रविवारी मढला जाऊया," रत्नप्रभा म्हणाली. "आपण दोघीच. बस जाते."

शेवंती म्हणाली, तुला वेड लागलंय. दोन पोरांची आई समुद्रात उतरून काय करणार, लोक काय म्हणतील, आणि आता पोहता येतंय की बुडायला होतंय कोणी सांगावं, आणि रविवारी कोंबडी कोण करणार. ती बोलत बोलत उठली, शेजारणीच्या कपबशा पुसून ट्रेमध्ये रचल्या, त्या परत द्यायला दारापर्यंत गेली. तिथे ती ट्रे घेऊन तशीच उभी राहिली, पाठमोरी.

"पण पाण्यात साडी खयची नेसूची गो?" तिने विचारलं.